उरलेला वास

कोलकात्यात मराठी समजणारी माणसं थोडी आहेत, पण मराठी समजणारी कुत्री बरीच आहेत. त्यांतली निदान साठ तरी मी शिकवलेली.

अलीपूरच्या एका बंगल्यातला रॉटवायलर "खाली बस" म्हटल्याशिवाय बसत नाही. त्याची मालकीण मारवाडी आहे आणि हे दोन शब्द ती आरती म्हणावी इतक्या भक्तीने म्हणते. बालीगंजमधले एक बंगाली डॉक्टर "सोड"ला "शोड" म्हणतात. त्यांच्या अल्सेशियनने तो उच्चार चालवून घेतला आहे. सॉल्ट लेकमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना मराठीतला एकच शब्द येतो, "थांब", आणि हल्ली तो ते टॅक्सीवाल्यालाही ऐकवतात.

गिऱ्हाईक विचारतं, मराठीच का? माझं उत्तर ठरलेलं. चोराला "सिट" आणि "स्टे" येतं, "बैठ" येतं, बंगाली "बोशो" तर येतंच. मराठी मात्र या शहरातल्या चोराला येणार नाही, त्यामुळे तुमचा कुत्रा तुमचाच राहील. हे ऐकून लोक फार खूश होतात. एका गृहस्थांनी तर हा मुद्दा स्वतःच शोधून काढल्यासारखा माझ्यासमोर मेव्हण्याला समजावून सांगितला.

खरी गोष्ट अशी, की मी चौदा वर्षांचा असताना वडिलांची रेल्वेत बदली होऊन आम्ही पुण्याहून गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये आलो. मला बंगाली येत नव्हतं, हिंदी लंगडं होतं आणि शाळेत मी दोन्हींमध्ये हसं करून घेत होतो. क्वार्टरच्या जिन्याखाली एक गावठी कुत्रा राहायचा. त्याच्याशी मी मराठीत बोलायला लागलो, कारण तो हसत नव्हता. पुढे धंदा सुरू केला तेव्हा कुत्र्याशी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलायचं, हे मला सुचलंच नाही. चोराचा सिद्धांत नंतर आला, पहिल्या गिऱ्हाइकाने विचारल्यावर, साधारण दहा सेकंदांत.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे कबूल करायचं आहे त्याची जात हीच आहे. माझ्या हातून आधी काहीतरी होऊन जातं, मग मी त्याला कारण शोधतो, आणि ते कारण इतकं चांगलं निघतं की ऐकणारे मान डोलावतात.

काम मी शिकलो हावड्याच्या बाजूला, लष्करातून निवृत्त झालेल्या एका सुभेदाराकडे. हरियाणाचा माणूस, आवाज असा की पिंजऱ्यातली बारा कुत्री आणि मी एकदमच बसायचो. त्यांना मी उस्ताद म्हणायचो. पहिली दोन वर्षं त्यांनी मला फक्त चावून घ्यायला ठेवलं. हाताला जाड तागाची बाही बांधायची, पळायचं, आणि मागून तीस किलोचं जनावर येऊन लटकलं की आनंदाने ओरडायचं. घरी आई विचारायची, "आज ऑफिसात काय केलंस?" मी म्हणायचो, "मीटिंग होती."

उस्ताद एक गोष्ट सतत सांगायचे. हातातला पट्टा मनगटावर आपटत म्हणायचे, "ये टेलीफोन है। ऊपर तू जो सोचेगा, नीचे पहुँच जाएगा।" मी त्याचा अर्थ असा घेतला, की आपण घाबरलो तर कुत्रा घाबरतो. रखवालीच्या कुत्र्यांपुरता तो अर्थ पुरला. वीस वर्षं मला त्यापलीकडे विचार करावा लागला नाही.

रखवालीचं काम तसं मजेचं असतं, कारण त्यात कुत्र्यापेक्षा मालक जास्त शिकवावा लागतो. एस्प्लनेडच्या एका सुटकेसवाल्याने तक्रार केली, की तुमचा कुत्रा गिऱ्हाइकांवर भुंकतो. मी म्हटलं, रखवालीचा आहे, भुंकणारच. तो म्हणाला, "भुंकू दे हो दादा, पण घासाघीस सुरू झाल्यावर." त्या कुत्र्याला ते शिकवायला मला तीन आठवडे लागले. जमलं मात्र. दुकानदाराने बोट काउंटरवर दोनदा टकटकवलं की कुत्रा गुरगुरायचा. मी तेव्हा अभिमानाने सगळ्यांना सांगायचो, की बघा, कुत्रं माणसाची किती बारीक खूण टिपतं. आपण आपल्या तोंडाने काय सांगतो आहोत, हे मला कळत नव्हतं.

मग मी वास शोधणाऱ्या कुत्र्यांकडे वळलो. काळ तसा आला होता. मॉल, हॉटेलं, दुर्गापूजेचे मंडप, सगळ्यांना दारात हुंगणारं कुत्रं हवं होतं. मी एक काळी लॅब्राडोर घेतली आणि तिच्यावर सव्वा वर्ष मेहनत केली. मराठीत "कुत्री" म्हटलं की उगाच कुणाला शिवी दिल्यासारखं वाटतं, म्हणून मी तिला नुसतं "ती" म्हणतो; बायकोला ते आवडत नाही. तिला मी दोन वास शिकवले, विडीचा आणि काडेपेटीचा. वास सापडला की भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, समोर शांत बसायचं. बसली की माझ्या कमरेच्या पिशवीतून उकडलेल्या कलेजीचा तुकडा.

विडी आणि काडेपेटी यासाठी, की पहिलं गिऱ्हाईक हावड्यातलं तागाचं गोदाम होतं. तागाच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या, हवेत तागाची भुकटी, एका ठिणगीने सगळं संपेल अशी जागा. त्याआधी फाटकावर मजुरांचे खिसे हाताने चाचपायचे. ते त्यांना अपमानाचं वाटायचं. म्हणून मॅनेजरने ठरवलं, कुत्रं आणू. ते बंगाली गृहस्थ, गोड बोलणारे आणि गोड खाणारे. सकाळी आठला चाळीस मजूर रांगेत उभे राहायचे आणि मी तिला घेऊन त्यांच्यासमोरून जायचो. दोन महिने मी स्वतः चालवायचं, मग तिथल्या सुरक्षा रक्षकाला शिकवून द्यायचं, असा करार होता.

पहिल्या दोन दिवसांत तिने तीन विड्यांची बंडलं आणि एक काडेपेटी पकडली. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. पकडला गेलेला एक जण तर तिला म्हणाला, "बहिनी, तू तो हमार मेहरारू से भी तेज बाड़ू!" बायकोपेक्षाही तीक्ष्ण नाकाची, असं म्हणून सगळी रांग हसली. मी घरी तरंगत गेलो.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरने मला केबिनमध्ये चहाला बोलावलं. समोर संदेश या बंगाली मिठाईची बशी सरकवत म्हणाले, "दादा, सरदार पर ज़रा ध्यान रखिए। बार-बार गाँठों के पीछे जाता है। मुझे शक है, बीड़ी पीता है।"

गोदामात मजुरांच्या टोळीच्या म्होरक्याला सरदार म्हणतात. हा सरदार पंचावन्न-छप्पन्नचा, बिहारचा, उंच, पांढऱ्या मिशांचा. त्याच्या एका हाकेवर चाळीस माणसं गाठ उचलायची. रांगेत तो नेहमी सव्विसावा-सत्ताविसावा उभा राहायचा, दोन्ही टोकांना नजर ठेवता यावी म्हणून. तो कुत्र्यांना घाबरायचा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी संदेश खाल्ला, तिला घेतलं आणि रांगेपुढे गेलो. पंचवीस माणसं झाली. सव्विसावा सरदार. ती त्याच्यासमोर बसली.

सरदार एक पाऊल मागे सरकला. मला वाटलं, सापडला.

रांग आधी हसली. "सरदार धरा गइल!" कुणीतरी ओरडलं, कारण त्यांना तो विनोदच वाटला. सरदारने शांतपणे खिसे उलटे केले. एक कंगवा, किल्ली, सातूच्या पिठाची पुडी. मग त्याने कुर्त्याच्या गळ्यात बोट घालून तुळशीची कंठी बाहेर काढली. आपल्याकडे माळकरी असतात तसा तो होता. दारू नाही, मांस नाही, तंबाखू नाही. पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेलं व्रत.

"बीड़ी?" तो म्हणाला. "हम?"

विडी नव्हती. काडेपेटी नव्हती. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. रांगेनेही पाहिलं. त्या वेळी माझ्याकडे दोन वाक्यं होती. एक, "चूक झाली असेल." दुसरं वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांच्या खिशात असतं. कुत्रं बसलं आणि काही सापडलं नाही, की ते काढायचं.

"महक रह जाती है," मी म्हणालो. "चीज़ फेंक दो, तब भी घंटों रहती है।"

हे खोटं नाही. वास खरंच उरतो. म्हणून तर ते वाक्य इतकं सोयीचं आहे.

मॅनेजरने मान डोलावली. दुपारपर्यंत सरदारला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. अठ्ठावीस वर्षं तो त्या गोदामात होता.

त्याच आठवड्यात मॅनेजरने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. मालकांना दाखवण्यासाठी कारकुनाने त्या सकाळची तपासणी चित्रित केली होती. मी तो कौतुकाने बायकोला दाखवला. ती कोलकात्यातच जन्मलेली, तीन पिढ्या इथे असलेल्या मराठी घरातली, शाळेत गणित शिकवते. कुत्र्यांमध्ये तिला अजिबात रस नाही; घरभर केस होतात एवढंच तिचं मत. उत्तरपत्रिका तपासता तपासता तिने फोनकडे पाहिलं.

"अहो, पण आधी तुम्ही थांबलात."

"कुठे थांबलो?"

"पुन्हा लावा." तिने लाल पेनने स्क्रीनवर टोचलं. "हा बघा. तो उंच माणूस यायच्या आधी तुमचं पाऊल आखडलं. आणि डावा हात पिशवीकडे गेला. तिने वर तुमच्याकडे पाहिलं, मग बसली."

"तसं काही नाही."

"मी परीक्षेत बाकांमधून फिरताना एखाद्या पोराजवळ थांबले ना, तर ते बरोबर आलेलं उत्तरसुद्धा खोडतं. मी काही बोललेली नसते. नुसती थांबलेली असते."

मी तो व्हिडिओ त्या संध्याकाळी किती वेळा पाहिला, सांगत नाही. चहाबरोबर ऐकलेलं मॅनेजरचं वाक्य माझ्या कानातून दंडात आलं होतं, दंडातून पट्ट्यात, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ते ऐकणारं जनावर मीच सव्वा वर्ष घडवलं होतं.

रविवारी स्वयंपाकघरात चाचणी घेतली. पाच डबे मांडले, गहू, तांदूळ, पोहे, डाळ, साखर. मी जिन्यात जाऊन उभा राहायचो, बायको एका डब्यामागे काडेपेटी लपवायची, मग मी लॅब्राडोरला घेऊन आत यायचो. कुठे लपवली आहे हे मला माहीत नसायचं. ती पहिल्या डब्यापाशी गेली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. दुसऱ्यापाशी गेली, पुन्हा तोंडाकडे. आठ वेळांत एकदा बरोबर. मग बायकोने मला जागा सांगून ठेवायला सुरुवात केली. आठपैकी आठ.

"हुशार आहे हो," बायको म्हणाली. "काडेपेटीपेक्षा तुम्हाला शोधणं सोपं आहे, हे तिने ओळखलं."

मग गोदामात जी बंडलं सापडली ती? तीही मीच ओळखली असणार. खिशावर हात ठेवणारा, नजर चुकवणारा माणूस वीस वर्षांच्या सवयीने मला दिसतो. मी थोडा थांबत असेन, ती बसत असेल, आणि आम्ही दोघं मिळून शाबासकी घेत असू.

आता इथे चांगला माणूस सोमवारी सकाळी मॅनेजरकडे गेला असता. मी सहा आठवडे गेलो नाही.

कारणं उत्तम होती. पूजा तोंडावर आली होती, मंडपांची कामं ठरली होती, बोभाटा झाला असता तर ती गेली असती. मॅनेजर रजेवर होते. नंतर रजेवरून आलेले होते, म्हणजे कामात होते. ती सुधारेल आणि मग सांगू, हेही एक कारण होतं. बायकोने एकदाच विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, "योग्य वेळ बघतोय." तिने वही मिटली आणि कुकर लावायला गेली. त्या कुकरच्या शिट्ट्या मला फार मोठ्या वाटल्या.

आणि सरदार काही लांब गेला नव्हता. गोदामाच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिच्या बाकावर तो रोज आठला येऊन बसायचा, धुतलेला कुर्ता घालून, जणू आत जायचंच आहे. भांडण नाही, घोषणा नाही. चाळीस माणसं त्याच्यासमोरून आत जायची, आणि मग मी.

"ए मास्टर!" तो हाक मारायचा. "पूछो अपनी बेटी से, आज हम में से का महकत बा?"

आज आपल्या अंगाला कसला वास येतो, हे त्याचं विचारणं ऐकून टपरीवाला हसायचा. मी तिला घेऊन घाईघाईने फाटकात शिरायचो. एक दिवस तो म्हणाला, "गुलाब, कि चमेली?" दुसऱ्या दिवशी, "आज नहा के आए हैं, मास्टर, आज तो छोड़ दो।" त्याचे टोमणे रोज नवे असायचे. मला खरं तर त्यांची सवय झाली होती. टोमणे मारणारा माणूस अजून धडधाकट आहे, असा हिशोब मी मनात करून ठेवला होता.

गाठींमागे तो का जायचा, हेही मला त्याच टपरीवर कळलं. चहावाल्यानेच सांगितलं. त्याचे गुडघे गेले होते. टोळीतल्या तरुणांना दिसू नये म्हणून तो मागे जाऊन पाच मिनिटं पाय लांब करून बसायचा.

मग एका सकाळी त्याने हाक मारली नाही. मी फाटकापाशी उगाच रेंगाळलो. तो चहाच्या पेल्यात बघत होता. कुर्त्याचं वरचं बटण उघडं होतं आणि गळ्यात कंठी नव्हती.

मी चहावाल्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "गाँव में ख़बर पहुँच गई। बोले, बीड़ी में पकड़ाए आदमी के गले में शोभा नहीं देती। तो उतार दी।"

त्या दिवशी मी तपासणी केली नाही. तिला व्हॅनमध्ये ठेवलं, पाणी दिलं आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. फोन त्यांच्या टेबलावर ठेवला, व्हिडिओ लावला, बायकोने दाखवलं होतं तिथे थांबवला.

त्यांनी तीनदा पाहिलं. मग हसून म्हणाले, "आरे दादा, आपनि पागल? कुकुर मिथ्ये बोले ना।" कुत्रं कधी खोटं बोलत नाही, म्हणे.

"कुकुर नहीं बोला," मी म्हणालो. "मैं बोला।"

"आप ही ने कहा था, महक रह जाती है।"

"रहती है। लेकिन उस दिन थी कि नहीं, मुझे पता नहीं था। फिर भी बोल दिया।"

त्यांचा चेहरा पडला. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनाही आपलं चहाच्या वेळचं वाक्य आठवलं असावं, कारण त्यांनी संदेशची रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. शेवटी म्हणाले, ठीक आहे, त्याला चुपचाप परत घेऊ, ऑफिसात बोलावू, पत्र देऊ.

सरदार ऑफिसात आला नाही. टपरीवरूनच निरोप पाठवला: "जहाँ बैठी थी, वहीं से उठेगी।" ती जिथे बसली तिथूनच उठायला हवी. त्याच रांगेत, आठ वाजता, चाळीस जणांसमोर.

ते त्याचं बरोबर होतं. मला मात्र एक अडचण दिसली. आता मला ती त्याच्यासमोर बसू नये असं मनापासून वाटत होतं. म्हणजे ती बसणार नव्हतीच. माझा दंड तिला "चल पुढे" असं सांगणार होता. ती चाचणीही तितकीच खोटी ठरली असती, फक्त या वेळी सगळ्यांना आवडेल अशी. मी मॅनेजरला सांगितलं, एका माणसाच्या खिशात विडीचं बंडल ठेवा, कोणाच्या ते मला कळता कामा नये. आणि माझे डोळे बांधा.

डोळे बांधायला कापड कुणाकडे नव्हतं. सरदारने खांद्यावरचा आपला गमछा पुढे केला. कुत्र्याच्या भीतीने तो शक्य तितका लांब उभा राहिला, पण गाठ त्यानेच मारली, चांगली घट्ट. गमछ्याला मोहरीच्या तेलाचा आणि साबणाचा वास होता.

मग मी चालायला लागलो, आणि मला कबूल केलं पाहिजे की तो देखावा गंभीर नव्हता. तिसऱ्या पावलाला मी कुणाच्या तरी पायावर पाय दिला. "मास्टर, दाएँ!" "अरे बाएँ, बाएँ!" चाळीस माणसं दिशा सांगत होती आणि प्रत्येक जण वेगळी. एकाने मला धरून सरळ केलं आणि माकडवाल्याच्या थाटात "डुगडुगी बजाऊँ?" असं विचारलं. त्या हसण्यात मी पट्ट्याकडे लक्ष लावून होतो. पट्टा ढिला होता. ती हुंगत नव्हती. चार पावलं चालायची, थांबायची, आणि मला कळायचं की ती मान वर करून बघते आहे. जिथे माझे डोळे असायचे तिथे आता एक लाल चौकडीचा गमछा होता.

रांग संपली. ती कुठेच बसली नाही. परत फिरलो. परतताना रांगेच्या सुरुवातीजवळ ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, पुढचे दोन्ही पाय माझ्या छातीवर ठेवले आणि गमछ्याखाली नाक खुपसून माझं तोंड शोधू लागली.

हसणं थांबलं. कुणीतरी गमछा सोडला. मॅनेजर रांगेत गेले आणि अकराव्या माणसाच्या खिशातून विडीचं बंडल काढून सगळ्यांना दाखवलं. त्याच्यासमोरून आम्ही दोनदा गेलो होतो.

"तो उस दिन?" सरदारने विचारलं.

"उस दिन मैं रुका था," मी म्हणालो. "इसलिए यह बैठी।"

"और महक वाली बात?"

मी मॅनेजरकडे पाहिलं नाही. "वो भी मैंने बनाई। इज़्ज़त बचाने को।"

"किसकी?"

"अपनी।"

सरदारने गमछा झटकला, घडी घालून खांद्यावर टाकला आणि फाटकातून आत गेला. मला माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. दोन मिनिटांनी आतून त्याची हाक ऐकू आली आणि सगळी रांग धावत सुटली.

गोदामाचं काम अर्थातच गेलं. मॅनेजरने करार संपवला, निरोपाला संदेशचा डबा मात्र दिला. मंडपांची कामं मी स्वतःच नाकारली, आणि नाकारताना कारण खरं सांगितलं. एका मंडळाच्या चिटणिसांना ते अजिबात समजलं नाही. ते म्हणाले, "बसते ना ती? मग झालं." रखवालीच्या कुत्र्यांवर आमचं चाललं. सुटकेसवाल्याने त्याच्या भावाला दुसरा कुत्रा घ्यायला लावला.

तिला मी पहिल्यापासून शिकवायला घेतलं. या वेळी काडेपेटी बायको लपवते. शाळेतून आल्यावर, चहाच्या आधी. तिने त्यासाठी एक तक्ता केला आहे आणि तो मला दाखवत नाही. पहिले दोन महिने लॅब्राडोर माझ्याकडे बघायची, मी छताकडे बघायचो. बायको म्हणायची, "छताकडे काय बघताय, छतावर नाहीये एवढं तर तिलाही कळलं."

मग एक दिवस ती पोह्यांच्या डब्यासमोर बसली. मला खात्री होती, तिथे नाही. बायकोचा हात सहज टेकल्यासारखा गव्हाच्या डब्याजवळ होता, आणि मी मनात गहू ठरवून टाकला होता. मी पट्टा ओढला. ती उठली नाही. मी पुन्हा ओढला. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बघा तरी मागे," बायको म्हणाली.

काडेपेटी पोह्यांमागे होती. मी जमिनीवर फतकल मारून बसलो आणि पिशवीतली सगळी कलेजी तिला दिली.

त्यानंतर मी एकदा फेरीबोटीने हावड्याला गेलो, एकटाच. दुपारच्या सुट्टीत सरदार टपरीवर होता, पाय लांब करून, आता उघड्यावर. गळ्यात कंठी होती, नव्या दोऱ्यात ओवलेली. मी त्याला पोह्यांच्या डब्याची गोष्ट सांगितली. का सांगितली, कोण जाणे. त्याने सातूचं पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"तो ले आओ," तो म्हणाला.

"गोदाम नहीं मानेगा।"

"गोदाम को कौन पूछता है? यहीं, सड़क पे। लाइन हम लगवा देंगे।" मग त्याने जरा विचार केला. "पहिले हम खड़े होंगे। मगर पट्टा छोटा रखना, मास्टर। डर लगता है।"

मी अजून तिला नेलेलं नाही. बायकोच्या तक्त्यात वीस खुणा सलग बरोबर आल्या की जायचं, असं ठरलं आहे. मागच्या आठवड्यात सतरापर्यंत पोचलो होतो. अठराव्याला ती साखरेच्या डब्यासमोर बसली, आणि काडेपेटी डाळीमागे होती. मी बायकोला म्हणायला तोंड उघडलं, की परवा साखरेमागे ठेवली होतीस ना, तर वास—

तिने लाल पेन वर करून माझ्याकडे पाहिलं.

"चुकली," मी म्हणालो, आणि आम्ही पुन्हा एकपासून सुरू केलं.